जंगलालगतच्या परसांत फुलांचे कंद कोणते लावावे?

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा व नागपूर या जिल्ह्यांतील ज्या गांवांचें गांवठाण जंगलाला भिडलेलें आहे, तेथील सभासदांची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. शेतांतील पिकाचें नुकसान तर होतेंच. परंतु आतां घरापुढील फुलझाडेंही चितळें ठेवीत नाहींत. जास्वंदीचा शेंडा, झेंडूचें रोप, गुलाबाची कोंवळी फूट, जें सांपडेल तें रात्रींतून नाहींसें होतें, आणि सकाळीं पूजेच्या परडींत घालावयास घरचीं चार फुलें मिळत नाहींत. पुष्कळ घरीं यामुळें बाग करण्याचा नादच सोडून दिला आहे. कांहीं ठिकाणीं त्याहून वाईट मार्ग पत्करला जातो, त्याविषयीं पुढें लिहूं.

शेतकीच्या मासिकांत फुलांची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, सातबाऱ्यावर नोंद नसली तरी परस हा शेताचाच एक तुकडा आहे. तेथें विहिरीचें पाणी, गोठ्याचें खत आणि घरच्या बायामाणसांचे हात राबत असतात. शेताच्या नुकसानीस शासनाची भरपाई तरी आहे; सांदवाडींतील चार फुलझाडांसाठीं पंचनामा करावयास कोणी येत नाहीं. तेव्हां या बाबतींत जें करावयाचें तें ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.

आमचें म्हणणें असें कीं, अशा गांवीं कुंपणावर पैसा घालण्यापूर्वीं झाडाच्या निवडीचा विचार करावा, आणि फुलांपैकीं कंदापासून येणाऱ्या जाती पसंत करतांना कॅटलॉगांतील चित्र न पाहतां कंदाचा रस पाहावा. ज्याच्या रसांत हरिणास नकोसें असें कांहीं आहे, तोच कंद उघड्या परसांत टिकतो. मात्र जो रस हरिणास नको, तो आपल्या वासरासही नको आणि मुलासही नको. ही या निवडीची दुसरी बाजू होय. तिचा विचार बाग करणाऱ्यांत फारसा कोणी करीत नाहीं, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

प्रथम चोर कोण तें ठरवावें. महसूल खात्यांतील नोकरींत नुकसानीचे पंचनामे लिहितां लिहितां एक गोष्ट आमच्या ध्यानीं पक्की बसली आहे कीं, 'वन्य प्राण्यांनीं खाल्लें' एवढ्या शब्दांनीं कशाचाच उलगडा होत नाहीं. हरिणास वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. त्यामुळें तें पान कापीत नाहीं, ओढून तोडतें. तुटलेला कांठ फाटका व दोरे निघालेला दिसतो. सशानें खाल्लेला देंठ सुरीनें छाटावा तसा तिरका व स्वच्छ असतो, आणि तोही जमिनीपासून हातभर उंचीच्या आंतच. रानडुक्कर वाफा नांगरल्यासारखा उलथून टाकतें. साळिंदर नेमकें खड्डा करून कंदच उकरून खातें. पानें बाजूला पडलेलीं राहतात. वानर खातो थोडें व मोडून फेंकतो फार. एवढें पाहिलें म्हणजे बहुतेक निकाल लागतो. तरी एक सावधगिरी ठेवावी. वरचे पुढचे दांत गाईसही नसतात, सबब मोकाट गाईनें खाल्लेलें पानही तसेंच फाटकें दिसतें. खुराचा ठसा पाहिल्यावांचून चितळावर आळ घेऊं नये. चितळाचा खूर लहान व टोंकदार, गाईचा मोठा व गोल. चितळाच्या नांवावर लिहिलेली चोरी शेजारच्या गाईची निघणें ही अगदीं घडणारी गोष्ट आहे.

डुक्कर आणि साळिंदर यांचा प्रश्न या लेखांत आम्ही घेत नाहीं. जमिनीखालच्या चोरास जमिनीखालीं जाळी, इतकेंच त्यांचेविषयीं सांगून पुढें जातों.

हरिण खात नाहीं अशा झाडांच्या याद्या परदेशांत पुष्कळ निघाल्या आहेत, व त्यांचीं भाषांतरें अलीकडे आपल्याकडेही हातोहात फिरतात. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या रटगर्स विद्यापीठाची यादी त्यांत चांगली समजली जाते. तींत झाडांचे चार वर्ग केलेले आहेत. क्वचितच नुकसान होतें येथपासून वारंवार व फार नुकसान होतें येथपर्यंत. नार्सिसस अथवा डॅफोडिल हा कंद पहिल्या वर्गांत व ट्यूलिप शेवटच्या वर्गांत आहे. यादी प्रामाणिक आहे, यांत संशय नाहीं. परंतु ती पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरिणाची आहे, आपल्या चितळाची नव्हे. आणि तींतील निम्मे कंद आपल्याकडे जगणारेच नव्हत. ट्यूलिपला व डॅफोडिलला फुलण्यासाठीं कित्येक आठवड्यांची खरी थंडी लागते. श्रीनगरास दल सरोवराच्या कांठीं इ. स. २००७ पासून ट्यूलिपची मोठी बाग आहे, ती तेथेंच शोभते. ज्या चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेथें तो कंद विकत आणणें म्हणजे पैसे मातींत पुरणें होय. मग तो हरिण खावो वा न खावो.

म्हणून त्या यादींतील नांवें घेऊं नयेत, तींतील कारण घ्यावें. डॅफोडिल टिकतो व ट्यूलिप खाल्ला जातो, असें कां? डॅफोडिलच्या रसांत लायकोरीन नांवाचें कडू व ओकारी आणणारें द्रव्य असतें, आणि त्यांतच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू कच्चें राहिलें म्हणजे घसा खाजतो, सुरण चिरतांना हात चुरचुरतात, तें याच जातीच्या सुयांमुळें. ट्यूलिपमध्यें असें जबर कांहीं नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इ. स. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हां तेथील लोकांनीं ट्यूलिपचे कांदे आंतील कोंब काढून शिजवून खाल्ले व दिवस काढले. जो कांदा माणसास पोटाला आधार देतो, तो हरिण कसा सोडील? उलट डॅफोडिलचा कांदा चुकून भाजींत पडला तर घरभर ओकाऱ्या होतात. हा नियम आपल्या परसासही लागू आहे. ज्या कंदापासून पीठ निघेल, जो उकडून खातां येईल, तो हरिणाचा. जो तोंडांत धरवत नाहीं, तो आपला.

सुदैवानें डॅफोडिलचें कूळ आपल्या देशास परकें नाहीं. त्याच कुळांतील, त्याच जातीचा रस असलेले आणि आपल्या उन्हास व पावसास न डगमगणारे कंद आपल्या गांवोगांवीं आहेतच. त्यांत पहिला मान सुदर्शनाचा. त्यास कोठें नागदवणाही म्हणतात. शास्त्रीय नांव क्रायनम. जाड, लांब, तलवारीसारखीं पानें आणि दांड्यावर पांढऱ्या सुवासिक फुलांचा झुबका. त्याचा कांदा नारळाएवढाही होतो. जुन्या वाड्यांच्या मोरीपाशीं व देवळाच्या ओवरीमागें हें झाड वर्षानुवर्षें उभें असतें. कोणी खत देत नाहीं, पाणी मोरीचें, आणि समोरून शेळ्यांचा कळप रोज जातो तरी त्याचें पान शाबूत असतें. ही साक्ष कोणत्याही विद्यापीठाच्या यादीहून कमी मोलाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. सुदर्शनाचें पान तेल लावून, गरम करून सुजेवर बांधण्याची चाल पुष्कळांस ठाऊक असेल. बाहेरून लावण्याची वस्तु ती बाहेरच ठेवावी.

दुसरा कंद हिप्पिॲस्ट्रमचा. बागवान लोक यास नुसतें अमरिलिस किंवा लिली म्हणून विकतात. तांबडीं, शेंदरी, पांढरीं, पट्ट्यापट्ट्यांचीं कर्ण्यासारखीं मोठीं फुलें मार्च-एप्रिलांत येतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, परंतु आतां इतका रुळला आहे कीं, परका म्हणवत नाहीं. तिसरी पावसाळी लिली, म्हणजे झेफिरँथिस. गवतासारखीं बारीक पानें, आणि पाऊस पडून गेल्यावर तीन-चार दिवसांत सगळा वाफा एकदम पांढरा किंवा गुलाबी होतो. तिचें पान गवतासारखें दिसतें म्हणून हरिण फसून तोंड लावतें, परंतु एका घांसावर सोडतें. मुलांनीं लावण्यास हिच्याइतकें सोपें दुसरें झाड नाहीं असें एरवीं आम्हीं म्हटलें असतें; पण त्याविषयीं पुढें पाहावें. चौथी हायमेनोकॅलिस, जिला स्पायडर लिली म्हणतात आणि जी सरकारी बागांतून व रस्त्याच्या दुभाजकांतून हल्लीं सर्वत्र दिसते. पांचवा मे फ्लॉवर, शास्त्रीय नांव स्कॅडॉक्सस. वळवाच्या पावसाबरोबर जमिनींतून एकच दांडा वर येतो व त्यावर तांबड्या तंतूंचा चेंडू फुलतो. आफ्रिकेंत, जेथील हा मूळचा, याच्या कंदाचा उपयोग बाणाच्या टोंकास लावण्याच्या विषांत करीत असत. यावरून त्याचा रस कोणत्या जातीचा आहे हें वाचकांनीं समजून घ्यावें.

या पांच कंदांवर आमचा भरंवसा आहे. परंतु भरंवसा म्हणजे हमी नव्हे. चितळ हा मुख्यतः गवत खाणारा प्राणी. गवत वाळलें म्हणजे तो गळलेला पाला, मोहाचीं फुलें, फळें आणि वानरांनीं वरून टाकलेला डाहाळा यांवर राहतो. एप्रिल-मे महिन्यांत रानांत हिरवें असें कांहीं उरत नाहीं, पाणवठे आटतात, आणि आपल्या परसांत मात्र रोज पाणी पडत असतें. त्या दिवसांत उपाशी हरिण काय खाईल व काय टाकील याचा हिशेब कोणतीही यादी देऊं शकत नाहीं. शिवाय पाडसांस चव ठाऊक नसते. तीं एकदां तोंड लावून, पान ओढून, थुंकून शिकतात, आणि तें शिकणें आपल्याच वाफ्यांत चालतें. चार पानें फाटलीं म्हणून कंद वायां गेला असें समजूं नये; कांदा जमिनींत शाबूत असला म्हणजे पान पुन्हां येतें. कंदाचें झाड आणि रोपाचें झाड यांत हाच मोठा भेद आहे. झेंडूचा शेंडा गेला तर त्या रोपाचें बळच जातें. सुदर्शनाचें सगळें भांडवल जमिनीखालीं ठेवलेलें असतें. आणखी असें कीं, युरिया घालून पानें लुसलुशीत करूं नयेत. जोरानें वाढलेलें मऊ पान हरिणास अधिक आवडतें.

सुदर्शनाच्या ओळीमागें गुलाब लावला म्हणजे गुलाबही वांचतो, लसणाच्या वाफ्यानें सारी बाग राखली जाते, असें सांगणारे भेटतात. आमचा त्यावर फारसा विश्वास नाहीं. हरिण वाफा खात नाहीं, झाड खातें, आणि नाकानें एकेक निवडून खातें. साबणाच्या वड्या टांगणें, केंस पसरणें, कुजलेल्या अंड्याचें पाणी शिंपडणें हे उपाय कांहीं दिवस चालतात. एक पाऊस पडला कीं पहिल्यापासून सुरुवात.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. हरिण ज्या कंदास तोंड लावीत नाहीं, तो कंद आपल्या गोठ्यापासून दहा हातांवर आपणच लावीत आहों, हें क्षणभरही विसरूं नये. मोठें जनावर आपण होऊन सुदर्शन खात नाहीं, हें खरें. परंतु दावणीला बांधलेल्या जनावरास निवड नसते. बागेंतील छाटलेलीं पानें कडब्याबरोबर गव्हाणींत पडलीं, किंवा उकिरड्यावर टाकलेला सुकला कांदा शेळीच्या करडास सांपडला, म्हणजे अपाय होतो. पान सुकल्यानें त्याचा कडूपणा व वास कमी होतो, पण सगळें विष जातें असें नाहीं. आणि पानापेक्षां कांद्यांत तें अधिक असतें. म्हणून या जातींची छाटणी खड्ड्यांत पुरून टाकावी, उकिरड्यावर टाकूं नये, हा आमचा कटाक्ष आहे.

मुलांची गोष्ट याहून जवळची. उपटून सुकविलेला हिप्पिॲस्ट्रमचा कांदा आणि बाजारचा लाल कांदा हे शेजारीं ठेवले तर जाणत्या माणसाचीही क्षणभर चूक होईल. तसेंच पावसाळी लिलीची बारीक कांदुली सांबाराच्या छोट्या कांद्याशेजारीं वेगळी ओळखूं येत नाहीं. असे कांदे स्वयंपाकघरांत, माजघरांतील टोपलींत किंवा कांद्याच्या चाळींत कोणत्याही सबबीखालीं ठेवूं नयेत. या कुळांतील कांदा पोटांत गेला तर लौकरच मळमळ व ओकाऱ्या सुरू होतात. बहुधा माणूस बरा होतो, परंतु लहान मुलाच्या बाबतींत 'बहुधा' या शब्दावर कोणी राहूं नये. घरगुती उपायांत वेळ न दवडतां व बळेंच ओकारी न काढतां मुलास दवाखान्यांत न्यावें, आणि सोबत त्या झाडाचा तुकडा न्यावा, म्हणजे डॉक्टरांस ओळख पटते.

या सावधगिरीनें वरील पांचही लिली परसांत ठेवण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती कळलावीस, आणि तिजविषयीं आम्ही मुद्दाम विस्तारानें लिहितों, कारण हरिण खात नाहीं म्हणून जीं झाडें सुचविलीं जातात त्यांत तिचें नांव पहिल्या दोन-तिहींत असतें.

कळलावी दिसण्यास अप्रतिम, हें कबूल केलें पाहिजे. पावसाळ्यांत कुंपणावर चढणारा वेल, पानाच्या टोंकाचीच आंकडी, आणि ज्वालेसारखें वर वळलेलें पिवळें-तांबडें फूल. तामिळनाडू राज्याचें तें राज्यपुष्प आहे, व त्या राज्यांत शेतकरी औषधाच्या कारखान्यांसाठीं तिच्या बियांचें पीक घेतात. आपल्या रानांत ती आपोआप येते. कंद फुकट मिळतो, हरिण टाळतें, फूल देखणें, मग लावावयास काय हरकत, असा विचार साहजिक आहे. हरकत ही कीं, तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसीन असतें. संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर हेंच द्रव्य देतात, परंतु त्याची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. यावरूनच त्याची ताकद कळेल. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि रताळें समजून तो उकडून खाल्ल्यानें माणसें दगावल्याच्या नोंदी श्रीलंकेंत झालेल्या आहेत. शिजविल्यानें हें विष जात नाहीं. खाल्ल्याबरोबर कांहीं कळत नाहीं. कांहीं तासांनीं ओकाऱ्या व जुलाब लागतात, मग थोडें बरें वाटल्याचा भास होतो, आणि त्यानंतर शरीरांतील एकेक इंद्रिय थकत जातें. त्यावर सहज मिळेल असा उतारा नाहीं.

लिलीचा रस तोंडांत जातांच कडू लागतो व ओकारी आणून बाहेर निघूं पाहतो. तो एका परीनें इशारा देणारा आहे. कळलावी इशारा देते तो फार उशिरां. परसांत आपण जें विष ठेवतों तें इशारा देणारें असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्या घरीं लहान मूल आहे, ज्या घरीं रताळीं पिकतात, ज्या घरीं शेळी आहे, तेथें कळलावी लावूं नये. आणि आपल्या सभासदांपैकीं या तिन्हींतून सुटणारें घर आम्हांस तरी दिसत नाहीं. कळलावी घरांत लावली म्हणजे भांडणें होतात असें जुनीं माणसें म्हणत. भांडणाचें आम्ही सांगूं शकत नाहीं, पण त्या समजुतीमुळें ती शतकानुशतकें कुंपणाबाहेर राहिली हें बरेंच झालें. रानांतील कळलावी रानांत राहूं द्यावी. ती उपटूनही टाकूं नये, कारण औषधवाल्यांच्या ओरबाडण्यानें तिची संख्या आधींच घटत चालली आहे.

माळावरील कोळकांद्याविषयींही असेंच. चरून चरून उजाड झालेल्या गायरानांत इतर सर्व संपून हा कांदा तेवढा उरतो, यावरून गुरें त्यास किती भितात हें दिसतें. त्याचें विष हृदयावर चालतें. त्याचा एक भाऊबंद भूमध्य समुद्राच्या कांठचा, त्याचा उपयोग उंदीर मारण्यासाठीं पूर्वीं करीत. फूल बेताचें, तेंही सायंकाळनंतर उमलणारें. तेव्हां त्यासाठीं एवढा धोका पत्करण्याचें कारणच नाहीं.

जे कंद हरिण खातें त्यांचें काय करावें? ग्लॅडिओलस, डेलिया, कर्दळ, खरी लिली म्हणजे लिलियम, हे उघड्या परसांत लावूं नयेत. डेलियाचे कंद माणसासही खातां येतात व कर्दळीच्या एका जातीच्या कंदापासून सत्त्व काढतात. वर सांगितलेला नियम येथें जसाच्या तसा लागू पडतो. ज्यांस यांची हौस आहे त्यांनीं ते आंतल्या चौकांत किंवा ओसरीवरील कुंड्यांत ठेवावे. निशिगंधाविषयीं आम्हांस पुष्कळांनीं विचारलें आहे, कारण हार-गजऱ्यास तो हवाच. तो वरील लिलींच्या कुळांतला नव्हे; म्हणून त्यास आम्ही भरंवशाच्या पांचांत धरीत नाहीं. लावावयाचाच तर खिडकीखालीं, माणसांच्या वावराच्या जागीं लावावा. सोनटक्का हळदी-आल्याच्या कुळांतला. त्या कुळाचा उग्र वास हरिणास सहसा रुचत नाहीं, आणि मोरीच्या ओलीवर तो उत्तम येतो. परसांत सुदर्शनाच्या जोडीस विषारी नसलेलें असें एखादें झाड पाहिजे असेल तर सोनटक्का लावावा.

लागवडीसंबंधीं फार सांगण्याजोगें नाहीं. काळ्या भारी जमिनींत पाणी साचून कांदा कुजतो, हें एकच भय. वाफा वीतभर उंच करावा, मातींत निम्मा मुरूम किंवा रेती मिसळावी. हिप्पिॲस्ट्रम व सुदर्शन यांच्या कांद्याची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. पावसाळी लिली दोन इंच खोल, तीन इंचांवर एकेक. सुदर्शनास दोन-तीन फूट जागा द्यावी, कारण तें पसरतें. हिप्पिॲस्ट्रमचें पाणी हिवाळ्यांत तोडावें व फेब्रुवारींत पुन्हां सुरू करावें, म्हणजे फूल बरोबर येतें. मे फ्लॉवर हिवाळ्यांत जमिनींत नाहींसा होतो. तो मेला समजून त्या जागेवर कुदळ मारूं नये. पावसाळ्यांत सुदर्शन व इतर लिलींवर काळी, पांढऱ्या व तांबड्या ठिपक्यांची एक अळी पडते. जें पान हरिण टाळतें तेंच ती आवडीनें खाते, आणि दोन दिवसांत सबंध झाड साफ करते. सुरुवातीसच पानें उलटून पाहावीं व अळ्या चिमट्यानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. फवाऱ्याची गरज बहुधा पडत नाहीं. काम झाल्यावर हात धुवावे. या रसानें कांहींच्या कातडीस खाज येते.

वाईट मार्गाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला. कुंपणाच्या तारेंत वरच्या वाहिनीवरून चोरून वीज सोडण्याची रीत शेतांतून आतां परसाकडे येऊं लागली आहे. त्या तारेनें चितळ मरतें, वाघ मरतो, आणि पहाटे उठून बाहेर गेलेलें घरचें माणूसही मरतें. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें चितळ मारणें हा गुन्हा आहे, व चोरून वीज घेणें हा वेगळा गुन्हा आहे. परंतु येथें कायद्याची भीति घालण्याचीही गरज नाहीं. फुलाच्या वाफ्याभोंवतीं मरण टांगून ठेवणाऱ्यास आम्ही बागवान म्हणत नाहीं. ज्यांस कुंपणच पाहिजे त्यांनीं आठ फूट उंचीची जाळी करावी, नाहींतर चार-पांच फुटांच्या अंतरानें दोन ठेंगणीं कुंपणें समांतर घालावीं. दोन्हींमधली जागा पाहून हरिण उडी घेण्यास कचरतें.

या कंदांस पैसा लागत नाहीं, ही त्यांची आणखी एक थोरवी. एका सुदर्शनाभोंवतीं दोन-तीन वर्षांत पिलें होतात, आणि पावसाळी लिलीचा एक जुडगा चार घरांस पुरतो. आपल्या संस्थेनें दरवर्षीं मृगापूर्वींच्या बैठकीस कंदांची देवघेव ठेवावी, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या घरीं जुनें सुदर्शन आहे त्यांनीं पिलें आणावीं, ज्यांस पाहिजे त्यांनीं न्यावीं. नोंदवहींत कोणाच्या परसांत कोणता कंद गेला हें लिहून ठेवावें, आणि पुढील उन्हाळ्यांत चितळानें त्यास तोंड लावलें कीं नाहीं हें त्याच ओळीपुढें भरावें. दोन-चार वर्षांत आपल्या रानाची, आपल्या चितळाची यादी आपल्याच वहींत तयार होईल. पिलें काढतांना मुळें तोडूं नयेत, कांदे दोन दिवस सावलींत सुकवावे, आणि कागदी पिशवींत घालून पिशवीवर नांवाखालीं 'खाण्याचा नव्हे' असे शब्द ठळक लिहून मगच बैठकीस आणावे.